सेयर्सचा स्वस्त ई-संच : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रज रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सच्या, लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराच्या कादंबऱ्यांचा ई-संच मी घेतला तो केवळ किमतीकडे बघून. सेयर्स १९५७ साली वारल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे २०१८ पासून त्यांची पुस्तकं इथे कुणीही काढू शकतं. अगाथा ख्रिस्तीसाठी २०३६ संपेपर्यंत थांबावं लागेल. सेयर्स स्वस्त मिळते ती यामुळे, आणि निष्काळजीपणे काढलेली मिळते तीही यामुळेच.

सुरुवात 'स्ट्राँग पॉयझन'ने (१९३०) केली. हॅरिएट व्हेन आरोपीच्या पिंजऱ्यात, पूर्वीच्या प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा आरोप, आणि ही बाई स्वतःच रहस्यकथा लिहिणारी. दोन बैठकांत संपलं, अक्षरं स्वच्छ, तक्रार शून्य. तेव्हाच अभिप्राय लिहिला असता तर पाच तारे दिले असते.

मग 'फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१) उघडलं. स्कॉटलंडमधला गॅलोवे, चित्रकार आणि मासे धरणाऱ्यांची वस्ती, सगळ्यांशी भांडलेला कॅम्बेल ओढ्यात मेलेला सापडतो आणि संशयित सहा चित्रकार. सगळी गावं खरी आणि सगळ्या गाड्या खऱ्या आहेत, असं सेयर्सनी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. कोण सायकलने कुठल्या स्टेशनावर कधी पोहोचू शकला असता, यावर अख्खं कोडं उभं आहे. म्हणून पुस्तकाला नकाशा आहे. माझ्या फाइलमध्ये तो टपाल तिकिटाएवढा करडा डाग होता. मोठा केला तर मोठा डाग. गाड्यांच्या वेळापत्रकात आधी सगळी स्टेशनं एका रांगेत, खाली सगळ्या वेळा दुसऱ्या रांगेत; कुठली वेळ कुठल्या स्टेशनाची ते ओळखायला काही मार्ग नाही.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की फाइल उघडते आहे, म्हणजे दोष नाही. स्क्रीनशॉट पाठवले, तर परताव्याची मुदत संपल्याचं कळवलं. रक्कम किरकोळ होती, पण नकाशाशिवाय हे पुस्तक विकणं म्हणजे अर्धं पुस्तक विकणं आहे आणि पैसे मात्र पूर्ण घेतले होते. फोनवरच्या नकाशाचाही उपयोग नाही, कारण डम्फ्रीजहून स्ट्रॅनरारला जाणारा तो लोहमार्ग १९६५ मध्येच बंद झाला. गेटहाउस या गावाचं स्टेशन गावापासून मैलोगणती लांब होतं, आणि संशयितांच्या हालचाली तपासताना या अंतराला फार महत्त्व आहे. आजच्या नकाशावर ते शोधणार कुठे?

एका जागी तर मी हबकलेच. विम्झी पोलिसाला काय शोधायचं ते सांगतो, आणि तिथेच कंसात लेखिकेची टीप येते की हुशार वाचक हा तपशील स्वतःच ओळखेल, म्हणून तो इथे गाळला आहे. इतकं काही गळालेल्या फाइलमध्ये हेही गळालं असणार, असं वाटलं. पण ही गाळणूक सेयर्सची स्वतःची, आणि तिच्यामागे केवढा आत्मविश्वास! वाचकाला इतक्या उघडपणे आव्हान देणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

शेवटी फोर्टातल्या फुटपाथवर जुनी छापील प्रत मिळाली, नकाशा शाबूत असलेली. कर्कूब्री, न्यूटन स्ट्युअर्ट, गर्व्हन, बारहिल ही गावं नकाशावर समोर ठेवून पुन्हा वाचलं, तेव्हा रटाळ वाटलेला मधला भाग चक्क चुरशीचा झाला. स्कॉटिश बोलीचे संवाद अजूनही जड जातात आणि सहा चित्रकार एकमेकांत मिसळतात, ते मात्र नकाशानेही सुधारत नाही.

'हॅव हिज कारकस'मध्ये (१९३२) सांकेतिक पत्र सोडवायला पाच बाय पाच अक्षरांचा चौकोन लागतो. फाइलमध्ये त्याच्या ओळी मोडून पडल्यात. 'द नाइन टेलर्स'मध्ये (१९३४) चर्चच्या आठ घंटा ठराविक क्रमाने वाजवायच्या आकड्यांचे स्तंभ आहेत, तेही एकमेकांत घुसलेत. निदान नववर्षाच्या आदल्या रात्रीचं ते नऊ तासांचं घंटावादन गद्यात आहे, ते कुणी बिघडवू शकलेलं नाही.

आता 'गॉडी नाइट' (१९३५). नकाशा नाही, तक्ता नाही आणि खूनही नाही. ऑक्सफर्डमधल्या एका काल्पनिक महिला कॉलेजात निनावी, गलिच्छ चिठ्ठ्या येऊ लागतात. सेयर्स स्वतः ऑक्सफर्डच्याच सॉमरव्हिल या महिला कॉलेजच्या. शिक्षण १९१५ मध्ये संपलं, पण ऑक्सफर्ड बायकांना पदवी द्यायला लागलं १९२० साली. विद्वान बाईने बुद्धीचं काम निवडायचं की संसार, हा प्रश्न त्यांनी रहस्यकथेत असा गुंफलाय की पुढचे कित्येक दिवस मी दुसरं काही वाचू शकले नाही. इथे ई-आवृत्ती छापील प्रतीपेक्षाही सोयीची ठरली: प्राध्यापिका इतक्या आहेत की नाव विसरलं की शोध टाकायचा, ती पहिल्यांदा कुठे आली ते लगेच सापडतं.

या एका पुस्तकासाठी दोनाचे तीन तारे केले. संच घ्यायचाच असेल तर आधी 'फाइव्ह रेड हेरिंग्ज'ची फुकट नमुना पानं उतरवून घ्या. नकाशा सुरुवातीलाच असतो. त्यातली गावांची नावं वाचता आली नाहीत, तर पैसे देऊ नका.