सेवा दल, एनएसएस की रोटरी? आधी सांग, घरी बाग आहे की होडी

बारावीनंतर रत्नागिरीत नाहीतर सावंतवाडीत कॉलेजात नाव घातलं, की ओळखीतली मुलं विचारतात, "दुसऱ्या प्रांतातली माणसं भेटतील अशा कुठल्या संघटनेत जाऊ?" मी उलट विचारतो, घरी बाग आहे की होडी?

प्रश्न सुट्टीचा आहे. आंबेवाल्याच्या घरात मार्च ते मे कोणाला हलता येत नाही. होडीवाल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा हात मोकळे. पण नेमकं तेव्हाच कॉलेज सुरू होतं. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं बहुधा दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे बागवाल्याने दिवाळीचंच धरावं. एनएसएसचं, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर बहुतेक कॉलेजं डिसेंबर-जानेवारीत घेतात. ते दोघांनाही जमतं.

पण जमतं म्हणून त्यातच जा असं मी म्हणणार नाही. १९६९ पासून चालू असलेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचं, हाती प्रमाणपत्र येतं, ते कामालाही येतं. शिबिर मात्र शेजारच्याच गावात. वनराई बंधारा घालायचा, शाळेचं आवार झाडायचं, रात्री गाणी. काम चोख असतं, फक्त परप्रांतातलं कोणी त्यात नसतं. त्यासाठी राष्ट्रीय एकात्मता शिबिराला निवड व्हावी लागते, आणि एका कॉलेजातून जाणारे मोजकेच.

सेवा दल १९४१ चं. माझा कल इकडे आहे, हे आधीच सांगतो. इथे जात, धर्म, प्रांत यांवर उघड बोलतात, भांडतातही. वळण समाजवादी, घरी चालेल का, ते बघून घे. पालगडच्या साने गुरुजींची आंतरभारती, म्हणजे एकमेकांच्या भाषा शिकणं, इथे नुसती भिंतीवरची पाटी नाही. रायगडातल्या माणगावजवळ वडघरला गुरुजींचं स्मारक आहे, तिथे अनुवादाचं कामही चालतं. शिबिरांना जायच्या आधी एकदा तिथे जाऊन ये.

मी पहिल्या शिबिरातून परतलो, तेव्हा आमच्या कलमांच्या राखणीला असलेल्या नेपाळी दाजूला त्याच्या गावाचं नाव विचारलं. सात वर्षं तो आमच्याकडे होता. तोवर आम्ही त्याला हाक मारायचो ती फक्त "गुरखा".

राहिली रोटरी क्लबांची युवक अदलाबदल (यूथ एक्स्चेंज). परदेशात वर्षभर, परक्याच्या घरात, तिथल्या शाळेत. ओळख व्हायची तर याहून पक्की कुठे होणार? राहणं-जेवण यजमान बघतात, पण विमान, व्हिसा, विमा आपल्या खिशातून. शिवाय आपल्याकडचं शिक्षणाचं एक वर्ष लांबू शकतं. आणि वयाची अट १५ ते १९. बारावीनंतर चौकशी करायला आलेल्याकडे वेळ थोडाच उरतो. हे डोक्यात असेल, तर दहावीची परीक्षा झाली की लगेच जवळच्या क्लबात जाऊन विचार.