क्रोमोली म्हणून घेतलं, निघालं बीड

माझ्या माझदा एमएक्स-५ मध्ये सात आठवडे जे फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये फिरणारं जड चाक) फिरत होतं, त्याला बोल्टच्या भोकापासून निघालेली चीर होती. क्रोमोली स्टीलचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत पोलाद), कोरं, रेसिंगसाठी प्रमाणित असं सांगून ते मला विकलं गेलं. प्रत्यक्षात ते कुठल्या तरी जुन्या गाडीतून काढलेलं मूळचंच बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, फ्लायव्हील होतं. लेथवर पातळ करून त्यावर काळा रंग मारला होता. पैसे गेले याचं वाईट वाटतंच. पण त्या सात आठवड्यांत दर शनिवारी माझा बारा वर्षांचा मुलगा शेजारच्या सीटवर बसून पोहायला येत होता, आणि ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीजवळ राहते. गाडी २००१ ची, १.८ लिटर इंजिन, पाच गियर. ही मोटार १९८९ मध्ये पहिल्यांदा आली आणि तेव्हापासून बेताच्या पैशात खरी स्पोर्ट्स कार हवी असणाऱ्यांची ती आवडती आहे: दोन सीट, मागच्या चाकांना ताकद आणि वजन टनाच्या आसपास. गाड्या भरपूर, त्यामुळे सुटे भागही भरपूर, आणि बनावट भागही तितकेच.

गेल्या वर्षी क्लच संपला. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि त्याचीच मजुरी सर्वांत जास्त. त्यामुळे गॅरेजवाला, मित्र, सगळे एकच सांगतात: उघडलंच आहे तर हलकं फ्लायव्हील बसवून घे. सल्ला चुकीचा नाही. पण गाडी उघडून पडलेली असते, गॅरेजची तारीख ठरलेली असते आणि माणूस घाईत असतो. विकणाऱ्यांना ही घाई बरोबर ओळखता येते.

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. इंजिनाला स्वतःचंच जड चाक फिरवायला जो जोर लावावा लागतो, तो कमी होतो. माझ्या गाडीचं मूळ फ्लायव्हील सुमारे आठ किलोचं. ते चार किलोवर आणलं तर पहिल्या गियरमध्ये गाडीतून सत्तर-ऐंशी किलो उतरवल्यासारखा फरक पडतो, पाचव्यात मात्र जेमतेम पाच-सहा किलोंचा. गियर रेशो आणि टायरचा व्यास धरून मी केलेला हा ढोबळ हिशोब आहे. फरक जाणवतो तो खालच्या गियरमध्ये, आणि डाउनशिफ्ट करताना ॲक्सिलरेटरला टिचकी मारली की इंजिन झटक्यात वर येतं तेव्हा. वळणावळणाच्या रस्त्यावर तो आनंद खरा आहे. मला तोच हवा होता.

नावाजलेल्या कंपन्यांचं फ्लायव्हील मला साडेतीनशे पौंडांच्या आसपास मिळत होतं. जुन्या-नव्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात एक माणूस तसंच १८५ पौंडांना देत होता. आमची रेसिंग टीम बंद झाली, हे खोक्यातच पडून आहे, असं त्याचं म्हणणं. फोटो स्वच्छ. कंपनीचं नाव कोरलेलं. कडेला 'एसएफआय १.१' असं स्टिकर. एसएफआय ही अमेरिकेतली संस्था मोटार रेसिंगच्या सुरक्षेचे निकष ठरवते आणि १.१ हा बदली फ्लायव्हील आणि क्लचसाठीचा निकष आहे. ते स्टिकर पाहून मी निर्धास्त झाले. स्टिकर छापायला किती पैसे लागतात हा विचार तेव्हा शिवला नाही.

मी विचारलं, स्टीलच आहे कशावरून? त्याने लगेच व्हिडिओ पाठवला. फ्लायव्हीलला लोहचुंबक लावला, तो घट्ट चिकटला, म्हणजे ॲल्युमिनियम नाही, स्टील आहे. हा पुरावा मी मान्य केला. लोहचुंबक बिडालाही तितकाच घट्ट चिकटतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथ चालवलेल्या टर्नरची मी मुलगी, फाउंड्रीच्या वासात लहानाची मोठी झाले, आणि मला हे सुचू नये याचा राग अजून गेलेला नाही.

मग तो म्हणाला, वेबसाइटच्या बाहेर थेट बँकेत पैसे टाक, कमिशन वाचेल, पार्सलचा खर्च मी करतो. मी टाकले.

खोकं आलं. स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंतचा, त्याच्यावर ठेवलं तर आकडाच दिसेना. भारतात येताना बॅगा मोजायचा हुकाचा काटा काढला. ५.३ किलो. जाहिरातीत ४.१ लिहिलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, जुन्या बॅचची थोडी जाड यायची. ठरलेल्या डिझाइनच्या फ्लायव्हीलमध्ये एक किलोहून जास्त फरक बॅचमुळे पडत नाही. मूळ उत्पादकाला दोन ओळींची ईमेल केली असती तरी दुसऱ्या दिवशी कळलं असतं. पण गाडी गॅरेजमध्ये उघडी होती, गुरुवारची वेळ ठरली होती, म्हणून मी ते तसंच दिलं.

गाडी सुरू झाली तेव्हा सगळं अपेक्षेप्रमाणे वाटलं. न्यूट्रलमध्ये इंजिन किंचित थरथरत होतं, गिअरबॉक्समधून खडखड येत होती, निघताना आधीपेक्षा जास्त ॲक्सिलरेटर द्यावा लागत होता. हलक्या फ्लायव्हीलचे हे नेहमीचे त्रास आहेत, आणि याच ओळखीच्या त्रासांच्या आड खरा बिघाड लपला. साडेचार हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे गियरच्या दांडीत आणि पायाखाली बारीक कंप यायचा. हलकं फ्लायव्हील आहे, असं होणारच, असं मी मनाला समजावत राहिले. तसं होत नाही. नीट बॅलन्स केलेलं हलकं फ्लायव्हील वरच्या आरपीएमला असा कंप देत नाही. कंप टायरचा की इंजिनाकडचा हे ओळखणं सोपं आहे: गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच आरपीएमला न्यायचं. तिथेही तसाच कंप आला तर चाकांचा संबंध नाही. मी ही चाचणी सातव्या आठवड्यात केली. कंप तसाच होता, किंबहुना वाढलेला होता. त्याच दिवशी गाडी बंद केली.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. मेकॅनिकने फ्लायव्हील बाकावर ठेवलं, रंगाच्या आड काय आहे ते पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. कारखान्यात बॅलन्सिंगसाठी फ्लायव्हीलच्या कडेला ड्रिलने छोटे खड्डे घेतलेले असतात. जिथे वजन जास्त भरतं, तिथलं धातू तेवढं काढून टाकतात. माझ्या फ्लायव्हीलवर असे दोन खड्डे होते, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग लेथवर वजन कमी करताना कापला गेला होता. म्हणजे आधी बॅलन्स असलेलं चाक पातळ केलं आणि पुन्हा बॅलन्स केलंच नाही. कंपाचं कारण समोर होतं.

त्या रात्री मी कोल्हापूरला वडिलांना, आबांना, व्हिडिओ कॉल लावला. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, पण ते उठून बसले. कॅमेरा फ्लायव्हीलवर धरला. त्यांनी आधी विचारलं, "पोरी, घ्यायच्या आधी वाजवून बघितलंस का?"

मी नाही म्हटलं.

"आपण मडकं घेताना सुदिक वाजवून घेतो की गं."

मग त्यांच्या सांगण्यावरून मी ते दोरीला टांगलं आणि छोट्या हातोडीने मारलं. आवाज आला तो बसका, लगेच विरणारा. नंतर गॅरेजमधली पोलादी पट्टी तशीच टांगून मारली तर ती कितीतरी वेळ वाजत राहिली. आबा म्हणाले, आता मागच्या कडेचा रंग खरवड आणि कानस मार. कानशीखालून चमकदार कीस न येता काळी भुकटी पडली. ती बोटावर चोळली तर पेन्सिलीच्या शिशासारखा डाग उमटला.

"ह्ये पोलाद न्हवं. बीड हाय. त्यातलं ग्राफाईट तुझ्या बोटाला लागलंय."

बीड वाईट धातू आहे असं नाही. मूळ फ्लायव्हील बिडाचंच असतं आणि लाखो मैल चालतं, कारण ते त्या हिशोबाने जाड ठेवलेलं असतं. पण बीड ताण सोसत नाही, वाकत नाही, सरळ तुटतं. बिडाचा तवा फरशीवर पडला तर तडकतो, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. साध्या करड्या बिडाची ताणशक्ती १५० ते ३०० मेगापास्कलच्या टप्प्यात असते. क्रोमोली ४१४०, ज्याला उद्यमनगरात ईएन-१९ म्हणतात, हीट ट्रीटमेंटनंतर त्याच्या तिप्पट-चौपट ताण घेऊ शकतं. म्हणून क्रोमोलीचं चाक पातळ करता येतं. बिडाचं चाक कडेने थोडं हलकं करून देणारे जाणकार कारागीरही आहेत, पण ते सांगून करतात, मर्यादेत करतात आणि नंतर बॅलन्स करून देतात. माझ्या चाकाचा बोल्टांभोवतीचा भाग, जिथे सगळा ताण येतो, तोच सर्वांत जास्त खाल्लेला होता.

दुसऱ्या दिवशी इंजिन दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्याची डाय पेनेट्रंट चाचणी केली. लाल रंग लावतात, पुसतात, वरून पांढरी पावडर फवारतात. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग वर येतो. सहापैकी एका भोकापासून दोनेक सेंटिमीटरची लाल रेघ पांढऱ्यावर उमटली. या इंजिनाची मर्यादा ७००० आरपीएम. त्या वेगाला फ्लायव्हीलची कड ताशी सुमारे ३४० किलोमीटरने फिरत असते. बाहेर आवरण असतं ते ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगचं, आणि ते समोर बसलेल्या दोघांच्या पायांजवळच असतं. ड्रॅग रेसिंगमध्ये क्लच-फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच सक्तीचं झालं ते असे तुकडे माणसांना लागले म्हणूनच.

एकूण खड्डा ७८५ पौंडांचा: फ्लायव्हील, दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवणं, खराब झालेला नवा क्लच आणि चाचणी. परत काहीच आलं नाही, आणि त्याचं मूळ बँक ट्रान्सफरमध्ये आहे. इथे १०० पौंडांच्या वरची वस्तू क्रेडिट कार्डाने थेट विक्रेत्याकडून घेतली तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. ते कवच मी कमिशन वाचवायला सोडून दिलं. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा चांगला आहे, पण तो व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला लागू होतो. या माणसाने स्वतःला खासगी विक्रेता म्हणवलं होतं. खासगी विक्रेत्यावरही वस्तू वर्णनाप्रमाणे असण्याचं बंधन आहेच, पण दावा लावायला खरा पत्ता लागतो आणि पार्सलवरचा पत्ता खोटा होता. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांना परत द्यावे लागतात, पण वस्तू हातात आली आणि निकृष्ट निघाली तर तो खरेदीदार-विक्रेत्यामधला वाद, असं उत्तर मला मिळालं. भारतात अशी ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवण्याची शक्यता तेव्हाच असते.

नवं फ्लायव्हील मी उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडून, कार्डाने, पूर्ण किंमत देऊन घेतलं. एसएफआयच्या संकेतस्थळावर निकषानुसार प्रमाणित उत्पादकांची यादी असते, तीत कंपनीचं नाव पाहिलं. फ्लायव्हीलवरचा क्रमांक कंपनीला कळवून खात्री केली. वजन हुकाच्या काट्यावर केलं, जाहिरातीशी जुळलं. बोल्ट नवे घेतले आणि मॅन्युअलप्रमाणे आडवे-तिडवे, टॉर्क रेंचने ९६ ते १०३ न्यूटन-मीटरला आवळून घेतले. आणि हो, बसवायच्या आधी टांगून वाजवलं.

जुनं फ्लायव्हील ग्राइंडरने मधोमध कापून टाकलं, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाही. पण त्या माणसाची जाहिरात गेल्या महिन्यात दुसऱ्या नावाने परत दिसली, किंमत २१० पौंड. तक्रार केल्यावर ती काढली गेली आणि आठवड्याने तिसऱ्या नावाने आली. फोटो तेच आहेत: फ्लायव्हील राखाडी सतरंजीवर ठेवलेलं, डाव्या कोपऱ्यात झाकण तुटलेला निळा प्लास्टिकचा डबा, आणि कोरलेल्या नावातलं शेवटचं अक्षर बाकीच्यांपेक्षा किंचित खाली घसरलेलं.