सूर्यमार्गाची प्रतिकृती: तीन कडी आणि एक मणी

दिवस लहान-मोठा का होतो, याचे ‘पृथ्वीचा अक्ष 23.4 अंशांनी कललेला आहे’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असते; पण त्या कलण्यामुळे आकाशात नेमके काय बदलते, असे विचारले की गाडी अडते. तेवढ्यासाठी मी सूर्याचा दैनिक मार्ग दाखवणारी ही प्रतिकृती मागवली आणि महिनाभर वापरली.

क्षितिजाची गोल तबकडी, तिला छेदणारी धातूची तीन कडी आणि कड्यांवर सरकणारा पिवळा मणी, एवढाच तिचा पसारा आहे. मधले कडे विषुवदिनाचे, एका बाजूचे 21 जूनचे आणि दुसऱ्या बाजूचे 22 डिसेंबरचे. सूर्य तासाला 15 अंश सरकताना दिसतो, म्हणून प्रत्येक कड्यावर 24 खुणा कोरलेल्या आहेत.

तबकडी 40 उत्तर अक्षांशावर लावून मणी जूनच्या कड्यावरून फिरवला, तेव्हा क्षितिजाच्या वर पंधरा तासांना किंचित कमी एवढे अंतर भरले. डिसेंबरच्या कड्यावर ते नऊ तासांहून थोडेच अधिक होते. ही दोन्ही कडी आकाराने अगदी सारखी आहेत आणि विषुवदिनाच्या कड्यापेक्षा लहान आहेत. उन्हाळ्यात सूर्य मोठे वर्तुळ चालतो म्हणून दिवस मोठा होतो, ही माझी जुनी समजूत तिथेच गळून पडली. वर्तुळ मोठे होत नाही. त्याचा क्षितिजावर येणारा भाग वाढतो. तबकडी शून्य अक्षांशावर आणली की तिन्ही कडी उभी राहतात आणि बरोबर अर्धी कापली जातात, म्हणून विषुववृत्तावर वर्षभर दिवस सुमारे बारा तासांचाच राहतो. उलट 66.6 अंशांना जूनचे कडे पूर्णपणे वर येते, आणि मध्यरात्रीचा सूर्य म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही.

सोबतच्या पुस्तिकेत विषुवदिनी दिवस आणि रात्र तंतोतंत समान असतात असे छापले आहे, ते दुरुस्त करायला हवे. वातावरणातील वक्रीभवनामुळे सूर्य सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो आणि सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेवरून मोजतात; त्यामुळे विषुववृत्तावरही दिवस बारा तासांपेक्षा सुमारे 7 मिनिटांनी मोठा भरतो.

माझी मुख्य तक्रार अक्षांशाच्या स्क्रूबद्दल आहे. तो आठवड्याभरात सैल झाला आणि तबकडी पाच-पाच अंश घसरू लागली. 10 अक्षांशावर त्याने जूनच्या दिवसात वीसेक मिनिटांचाही फरक पडत नाही, पण 60 वरून 65 वर घसरली की साडेअठरा तासांचा दिवस एकवीस तासांवर जातो आणि शिकणाऱ्याची मोजणीच चुकते. मी सांध्यात जाड कागदाची घडी बसवून काम भागवले. निर्मात्यांनी स्क्रूऐवजी दर पाच अंशांना खाच दिली, तर ही प्रतिकृती प्रत्येक भूगोल शिक्षकाने घ्यावी असे मी निःशंकपणे सांगेन.