‘फायबरवाली’ शीट म्हणून साधा फोम बोर्ड गळ्यात मारला. माझे 89,400 गेले

तीस वर्षं पॉवरलूमवर काढली. धागा बोटाला लागला की काउंट (किती जाड-बारीक ते) सांगतो मी. मलाच बिनधाग्याची शीट धाग्याची म्हणून विकली, याचाच संताप जास्त आहे.

घरात वाळवी, म्हणून माळ्याला आणि स्वयंपाकघराला डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकची शीट) बसवायचं ठरवलं. सोलापुरात अक्कलकोट रोडला गाळा घेतलेला एक जण भेटला. ‘काका, आत लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, वरून-खालून काचेच्या धाग्याची जाळी.’ वीतभर नमुना दिला, कडेला धागे चमकत होते. नमुना खरा होता, म्हणून तर फसलो. सांगितलं तेही खोटं नव्हतं: फळीवर वजन आलं की खालची बाजू ताणते, तो ताण काचेचा धागा झेलतो. म्हणून जाळी वरच्या-खालच्या थरातच हवी, मधोमध घालून फारसा उपयोग नाही.

18 मिमीच्या 14 शीट, प्रत्येकी 4,850, एकूण 67,900. पक्कं बिल हवं तर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 12,222. मी कच्च्या चिठ्ठीवर घेतलं. पेन्शन नाही मला, बारा हजार वाचतायत म्हटल्यावर कोण सोडतं?

शीट कापताना मिस्त्री म्हणाला, ‘मालक, माल लई भारी. दिवसभर कापतोय, हाताला खाज नाही.’ मी खूष होऊन त्याला चहा सांगितला! काचेचा धागा कापला की त्याची बारीक कूस अंगात शिरते, खाजतेच. कूलरची फायबर बॉडी कापणाऱ्याला विचारा. तिथंच काम थांबवायला हवं होतं. एक पोरगा अख्खी आठ बाय चार शीट एकटाच डोक्यावर घेऊन जिना चढला, तेही बघितलं होतं. नंतर तोलली, 24 किलो. विकणाऱ्यानं सांगितलेल्या 0.65 घनतेला 35 भरायला हवी.

मे महिन्यात पत्र्याखालची चार फुटी फळी सव्वा इंच खाली आली. पितळी पातेली उतरवली, तरी वाकडीच. गच्चीवर दोन्ही तुकडे जाळून बघितले (घरात करू नका, धूर घशात झोंबतो). नमुन्यातली जाळी पांढरी तशीच उरली. माझ्या शीटचा कोळसा बोटात चुरला, एक धागा नाही. मिस्त्रीची मजुरी 21,500 वेगळी गेली.

पोलीस ठाण्यात म्हणे, ‘हे दिवाणी आहे.’ दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा, ‘बिल कुठंय?’ अहो, 27,900 यूपीआयनं दिलेत, नाव-नंबर मोबाईलवर दिसतोय, तो बघायलाही कुणी मान वर केली नाही. अर्जाची पोच मागितली तर ‘आम्ही काय पळून चाललोय का?’ पळाला तो. गाळा रिकामा, फोन बंद.

बिल घ्याच. नमुन्यावर जाऊ नका, आलेल्या शीटचाच कोपरा कापून मोडा. धागे ओढले जाऊन उसवले पाहिजेत. वजन करा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि दोन्ही तुकडे घेऊन जातोय. तोच माणूस जुळे सोलापुरात नव्या बांधकामांवर फिरतोय असं कळलं. हातात तसाच करडा तुकडा असेल.