रोजच्या कामांच्या स्क्रिप्ट कशात लिहायच्या: बॅश, पायथन की मेकफाइल?

मर्ज झालेल्या ब्रांच उडवायच्या, टेस्टचा डेटाबेस पाडून परत उभा करायचा, लॉगमधून एरर शोधायच्या, अशा कामांची स्क्रिप्ट लिहायला बसलं की आधी हाच प्रश्न येतो, कशात लिहू? मी एकच गोष्ट बघतो, स्क्रिप्ट नुसत्या कमांड एकामागून एक चालवणारे की मधे डेटा वाचून काही ठरवणारे.

नुसत्या कमांड असतील तर बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारं शेल. चार गिटच्या कमांड, एक डॉकरची, मधे मजकूर शोधायला ग्रेप, हे बॅशइतकं थोडक्यात कशातच होत नाही. पण मधली कमांड फेल झाली तरी बॅश खुशाल पुढे चालत राहतं, म्हणून सुरुवातीलाच सेट ही कमांड वापरून तीन गोष्टी चालू करा: एरर आली की थांब, व्हेरिएबल ठरवलेलंच नसेल तर थांब, आणि पाइपमधली (एकीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या साखळीतली) कुठलीही कमांड पडली तर सगळा पाइप फेल धर. दुसरी फार महत्त्वाची, कारण डिलीटच्या ओळीत व्हेरिएबलच्या नावाचं एक अक्षर चुकलं तर बॅश त्याला रिकामं समजतं आणि भलतंच फोल्डर उडू शकतं. व्हेरिएबल कोटमध्ये ठेवा, नाहीतर फाइलच्या नावात स्पेस आली की तुकडे पडतात. शेलचेक नावाचं टूल यातलं बरंच आधीच पकडतं, ते लावाच.

टीममध्ये मॅक आणि लिनक्स दोन्ही असतील तर अजून एक भानगड आहे. मॅकवर सोबत येणारं बॅश लायसन्समुळे ३.२ वरच थांबलंय, त्यामुळे २००९ च्या बॅश ४ मधले, नावाने किंमत साठवणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे तिथे चालत नाहीत, आणि सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने फाइल जागच्या जागी बदलायची पद्धतही दोन्हीकडे वेगळी आहे.

जेसन फॉरमॅटमधला डेटा वाचायचा, तारखांची वजाबाकी करायची, तीन-चार ऑप्शन घ्यायचे असं काही आलं की मी सरळ पायथनकडे जातो. गूगलच्या शेल स्टाइल गाइडमध्येही १०० ओळींच्या वर गेलेली स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत लिहा असंच म्हटलंय, पण मला ती मर्यादासुद्धा जास्त वाटते, बॅशमध्ये दुसरा नेस्टेड लूप आला की पुरे. पायथनमध्ये बाहेरच्या कमांड चालवणं जरा लांबलचक होतं, त्या चालवणाऱ्या सबप्रोसेस मॉड्यूलला चेक चालू करायला विसरलात तर इथेही फेल झालेलं कळत नाही. शक्यतो स्टँडर्ड लायब्ररीतच भागवा, आर्गपार्स, पाथलिब, जेसन सगळं त्यात आहे. बाहेरचं एक पॅकेज घेतलं की प्रत्येकाच्या मशीनवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसची वेगळी जागा) सांभाळत बसावं लागतं आणि छोटी स्क्रिप्ट छोटी राहत नाही. विंडोजवाले सोबत असतील तर पायथनच घ्या.

मेकफाइल म्हणजे मेक या टूलला कुठल्या नावाने कुठल्या कमांड चालवायच्या ते सांगणारी फाइल. तिच्यात लॉजिक लिहू नका, तिला फक्त दार म्हणून ठेवा. मेक टेस्ट, मेक क्लीन एवढं टाइप करून नव्या माणसाचंही काम होतं, हा तिचा खरा फायदा. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमननी मेक लिहिलं ते फाइल बिल्ड करायला, म्हणून टेस्ट नावाचं फोल्डर असेल तर मेक म्हणतं सगळं अप टू डेट आहे आणि काहीच चालवत नाही, तिथे ते टार्गेट (कामाचं नाव) फोनी, म्हणजे फाइल नसलेलं, म्हणून सांगावं लागतं. शिवाय प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, त्यामुळे एका ओळीत बदललेलं फोल्डर पुढच्या ओळीला माहीतच नसतं, आणि इंडेंट टॅबचंच लागतं. अशाच कामाच्या जस्ट नावाच्या टूलमध्ये फोनी आणि टॅबचा त्रास नाही, पण ते सगळ्यांना वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, टीम तयार असेल तरच घ्या.