पराभवानंतर पुढचा प्रतिस्पर्धी कोण? ठाण्यातील एका बॉक्सिंग केंद्राविषयी

ठाण्यात बॉक्सिंग शिकवणाऱ्या जागांना आता तोटा नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांच्या आसपास तर जवळपास प्रत्येक मोठ्या व्यायामशाळेत एखादी पंचिंग बॅग टांगलेली दिसते. वजन उतरवण्यासाठी किंवा व्यायामाची आवड म्हणून शिकणाऱ्याला यांतले कोणतेही ठिकाण चालू शकते. परंतु प्रत्यक्ष लढती खेळणाऱ्या मुलासाठी, त्यातही हेवीवेट म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातल्या मुलासाठी केंद्र निवडायचे असेल, तर मी एकच कसोटी लावेन : मुलगा हरल्यानंतर प्रशिक्षक त्याला कोणासमोर उभा करतात? माझा धाकटा भाऊ ज्या केंद्रात शिकतो, ते पोखरण रस्ता क्रमांक दोनच्या परिसरात आहे. या कसोटीवर ते कसे उतरले, तेवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

भावाचे वजन ९० किलोंच्या वर आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये या गटाला वरची मर्यादा नसते, त्यामुळे ९३ किलोंच्या मुलासमोर ११५ किलोंचा प्रतिस्पर्धी येऊ शकतो. एका निवड लढतीत तो दुसऱ्या राउंडमध्ये हरला. समोरचा डावखुरा होता, त्याचे डाव्या हाताचे सरळ ठोसे एकामागून एक डोक्यावर बसत गेले आणि रेफ्रींनी लढत थांबवली. घरात सगळ्यांनी हा निकाल ताकदीच्या खाती मांडला. सरांनी मात्र लढतीचे चित्रीकरण लावले, ते एका क्षणी थांबवले आणि पडद्यावर भावाच्या डाव्या पावलावर बोट ठेवले. ते पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या पावलाच्या आतल्या बाजूला पडले होते. भाऊ डावे पाऊल पुढे ठेवून उभा राहतो, डावखुरा उजवे. डावखुऱ्याशी लढताना आपले पुढचे पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर राहिले पाहिजे; ते आत गेले की त्याच्या डाव्या हाताला सरळ वाट मिळते आणि आपला उजवा हात लांब पडतो. सरांनी चित्रीकरण पुढे नेत आणखी ठिकाणी थांबवून दाखवले, तेव्हा प्रत्येक मोठ्या ठोशाच्या आधी पाऊल तसेच चुकलेले आम्हांला दिसले.

त्यानंतर लगेच सराव सुरू झाला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबली असेल, तर हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) दोन्ही बंद ठेवावे लागते. केंद्राने हा नियम काटेकोरपणे पाळला आणि डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय भावाला रिंगमध्ये पाऊल ठेवू दिले नाही. त्या काळात दोरीवरच्या उड्या, धावणे आणि पावलांचा सराव एवढेच चालले. यापूर्वी तो शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी जात असे. तेथे हरलेल्या मुलाचा हुरूप परत यावा म्हणून त्याला पुढच्याच आठवड्यात एखाद्या नवशिक्यासमोर उतरवले जाई आणि विजयाचे छायाचित्र पालकांना पाठवले जाई. पालक खूश होत, मुलगाही खूश होई, आणि ज्या उणिवेमुळे तो हरला ती जिथल्या तिथे राही.

पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा विषय निघाला, तेव्हा सरांनी आम्हां घरच्यांनाही बोलावले. आईचे म्हणणे होते, "सर, आता जरा सोपं कुणीतरी बघा, पोराचा धीर खचलाय." भावाला तोच डावखुरा पुन्हा हवा होता, तोही लवकरात लवकर. स्पर्धेत कोणाशी गाठ पडेल हे सोडत ठरवते, त्यामुळे प्रतिस्पर्धी निवडण्याची मोकळीक केवळ मैत्रीपूर्ण लढतींत आणि स्पारिंगमध्ये असते. म्हणूनच ती वाया घालवायची नाही, असे सरांनी सांगितले. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हीच निवड मॅनेजर आणि प्रवर्तक (लढती भरवणारे) करतात, आणि तिथे पैसा, दूरचित्रवाणी व करारातील परतीच्या लढतीचे (त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा लढण्याचे) कलम यांचे वजन इतके असते की बॉक्सरला काय हवे आहे हे पुष्कळदा शेवटी विचारले जाते.

मग सरांनी नामवंत हेवीवेट बॉक्सरांची जी उदाहरणे दिली, ती ऐकणे हेच एक शिक्षण होते. १९ जून १९३६ रोजी जो लुईस मॅक्स श्मेलिंगकडून बाराव्या राउंडमध्ये हरला. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारून झाल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो, हे श्मेलिंगने आधीच हेरून ठेवले होते आणि त्याच मोकळ्या जागेतून तो उजवा हात मारत राहिला. लुईसला लगेच श्मेलिंग मिळाला नाही. दोनच महिन्यांनी तो माजी जगज्जेता जॅक शार्की याच्यासमोर उतरला आणि तिसऱ्या राउंडमध्ये जिंकला; १९३७ मध्ये जगज्जेता झाला; आणि २२ जून १९३८ रोजी श्मेलिंग पुन्हा समोर आला, तेव्हा ती लढत पहिल्याच राउंडमध्ये संपली. माइक टायसनचे उदाहरण याच्या उलट आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या राउंडमध्ये बाद केले, आणि पुढचा प्रतिस्पर्धी म्हणून हेन्री टिलमनची निवड झाली. टिलमनने १९८४ च्या ऑलिंपिकआधी हौशी गटात टायसनला हरवले होते, त्यामुळे जुना हिशेब चुकता करण्याची गोष्ट लोकांना आवडण्यासारखी होती. टायसनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये झोपवले. परंतु उंच माणसाचा लांब जॅब सतत तोंडावर येत असताना आत कसे शिरायचे, या डग्लसने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका राउंडपेक्षाही कमी वेळात मिळणे शक्य नव्हते, असे मला वाटते.

आम्हांला सर्वांत जवळचे वाटले ते व्लादिमिर क्लिच्को याचे उदाहरण. मार्च २००३ मध्ये हॅनोव्हर येथे कॉरी सँडर्सने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये हरवले, आणि सँडर्स डावखुराच होता. त्यानंतर क्लिच्कोने दोन लढती जिंकल्या, पण एप्रिल २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरसमोर तो दमून कोसळला. खरी परीक्षा सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युएल पीटरसमोर झाली. पीटर जोरकस ठोशांचा होता, त्याने क्लिच्कोला तीनदा खाली पाडले, तरीही क्लिच्को बारा राउंड टिकला आणि गुणांवर जिंकला. पुढच्या वर्षी ज्याला हरवून तो पुन्हा जगज्जेता झाला, तो ख्रिस बर्ड डावखुराच होता. त्यानंतर २०१५ पर्यंत क्लिच्को हरला नाही. भावाने यावर अँथनी जोशुआचे नाव काढले. २०१९ मध्ये अँडी रुइझकडून हरल्यावर त्याने सहा महिन्यांत त्याच्याशीच लढून जगज्जेतेपदे परत मिळवली होती. सरांनी ते मान्य केले. मात्र २०२१ मध्ये डावखुऱ्या ऑलेक्झांडर उसिककडून हरल्यावर जोशुआ पुन्हा थेट उसिकसमोरच गेला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा हरला, याची त्यांनी आठवण करून दिली. परतीच्या लढतीला त्यांचा सरसकट विरोध नाही. जी उणीव भरून निघालेली नाही, ती घेऊन त्याच माणसासमोर जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पूर्णपणे पटते.

प्रत्यक्षात सरांनी निवडला तो कोपरखैरण्याचा एक डावखुरा मुलगा. वजनाने भावापेक्षा बराच हलका, पायांनी चपळ, ठोशात फारसा जोर नाही. वजनातल्या फरकामुळे ही अधिकृत लढत होऊ शकत नव्हती, म्हणून १६ औंसांचे ग्लोव्हज आणि हेडगार्ड घालून नियंत्रित स्पारिंग ठरले. पहिल्या दिवशी भावाला जोराने मारण्याची मनाई होती. फक्त जॅब आणि पावले. सरांनी रिंगच्या जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि भावाचे डावे पाऊल तिच्या आत गेले की ते दोरांवर हाताने थाप मारत. सुरुवातीला थापा सारख्या ऐकू येत होत्या. पुढच्या काही आठवड्यांत त्या कमी झाल्या आणि भावाचा उजवा हात गार्डमधून सरळ जाऊ लागला. त्यानंतरच शंभर किलोंच्या वरचा, जोरकस डावखुरा शोधण्यात आला आणि त्याच्याशी तीन राउंडची मैत्रीपूर्ण लढत झाली. तिसऱ्या राउंडमध्ये भावाला तोच सरळ डावा ठोसा बसला, परंतु या वेळी तो जागेवर उभा राहिला नाही. पाऊल बाहेर टाकून तो वळला आणि उजव्या हाताने उत्तर दिले. मला या केंद्राची किंमत त्या एका हालचालीत कळली.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. ठाण्यात या वजनाची मुले कमी आहेत आणि केंद्रात तर ती मोजकीच आहेत, त्यामुळे जोडीदारासाठी ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली, कोपरखैरणे, वाशीकडे किंवा थेट मुंबईत जावे लागते. हा प्रवासखर्च शुल्कात धरलेला नाही आणि तशी कल्पना प्रवेशाच्या वेळी दिली जात नाही. संध्याकाळच्या वर्गात गर्दी असते, सरांचे लक्ष विभागले जाते; स्पर्धेत उतरणाऱ्यांनी सकाळचाच वर्ग घ्यावा. दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. प्रतिस्पर्धी का निवडला, त्याच्यासमोर काय साधायचे होते आणि काय साधले, याची लेखी नोंद केंद्र ठेवत नाही. सगळे सरांच्या डोक्यात असते. उद्या मुलगा दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेला, तर हे सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. शिवाय जोरकस स्पारिंगच्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी असते, पण डॉक्टर हजर नसतो. इतकी जबाबदारीने निवड करणाऱ्या केंद्राने निदान हेवीवेट मुलांच्या दिवशी तरी डॉक्टरांची व्यवस्था करावी, अशी विनंती मी सरांना केली आहे आणि त्यांनी ती नाकारलेली नाही.

शुल्क आसपासच्या केंद्रांपेक्षा थोडे जास्त आहे. केवळ व्यायामासाठी ते देण्याची गरज नाही, परंतु ज्यांचा मुलगा वा मुलगी लढती खेळते, त्यांनी ते द्यावे असे मी सुचवेन. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या पाल्याच्या शेवटच्या हरलेल्या लढतीचे चित्रीकरण सोबत न्यावे आणि यानंतर याला कोणासमोर उतरवाल, असे थेट विचारावे. येथील सर त्या प्रश्नाचे उत्तर चित्रीकरण पूर्ण पाहिल्याखेरीज देत नाहीत.