बेस रनिंगच्या शिबिराविषयी: कोल्हापुरातील दहा सकाळी

माझा मुलगा नववीत असून शाळेच्या बेसबॉल संघात खेळतो. त्याचे पाय वेगवान आहेत. तरीही गेल्या हंगामात तो बेसवर, म्हणजे धाव काढताना क्रमाने गाठायच्या ठाण्यांवर, वारंवार बाद होत असे, आणि दोष निर्णयात आहे हे आम्हांला उशिरा कळले. म्हणून मे महिन्यात कोल्हापुरात झालेल्या, फक्त बेस रनिंग (बेसदरम्यान धावणे) शिकवणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरात त्याला घातले. संध्याकाळी वळिवाचा भरवसा नसल्याने सकाळी साडेसहाची वेळ सोयीची ठरली.

पहिल्या दिवशी धावणे झालेच नाही. प्रशिक्षकांनी मुलांना बेसवर उभे केले आणि प्रत्येक चेंडू टाकला जाण्यापूर्वी मोठ्याने सांगायला लावले: किती जण बाद आहेत, कोणता बेस मोकळा आहे, आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातले क्षेत्ररक्षक) किती मागे उभे आहेत आणि चेंडू हवेत उडाला तर मी काय करणार. ज्याला आपण उपजत जाण म्हणतो, ती बहुतांशी अशा आधीच दिलेल्या उत्तरांतून घडते, ही या शिबिराची धारणा मला मनापासून पटली.

सर्वांत चांगला धडा तिसऱ्या बेसचा होता. तिथे संघाचा पहिला किंवा तिसरा गडी बाद होऊ नये, हा जुना संकेत बहुतेक ठिकाणी नुसता पाठ करून घेतात. इथे त्याचे कारण समजावले. कोणीच बाद नसताना दुसऱ्या बेसवरच्या धावकाला होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर, आणण्यासाठी संघाच्या हाती पुरेशा संधी असतात, आणि दोन बाद असताना तो फटका बसताक्षणी सुटत असल्यामुळे चांगल्या फटक्यावर तिथूनही होम प्लेट गाठू शकतो. एकच गडी बाद असेल तेव्हा मात्र धोका पत्करण्यात अर्थ आहे. कारण तिसऱ्या बेसवर पोहोचलेला धावक, क्षेत्ररक्षकाचा चेंडूला स्पर्श होईपर्यंत बेस धरून राहिला, तर खोल गेलेल्या झेलावरही धाव मिळवतो.

शिबिरातील बरीच मुले खो-खो खेळणारी होती आणि प्रशिक्षकांनी त्याचा सुरेख उपयोग केला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला उलट फिरता येत नाही, म्हणून पळणारा त्याच्या खांद्यांकडे पाहतो. पिचरनेही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानेही, होम प्लेटकडे चेंडू टाकण्याची हालचाल सुरू केली की ती मोडून पहिल्या बेसकडे फेक करता येत नाही. तसे केल्यास बॉक (पिचरचा नियमभंग) दिला जातो. उजव्या हाताच्या पिचरची उजवी टाच आधी हलली तर परतायचे आणि डावी हलली तर निघायचे, हे आमच्या मुलाला दोन दिवसांत उमगले. जमिनीवर घसरत बेस गाठण्याचा सराव जेमतेम होता.

विचार बरोबर असूनही कोणी बाद झाला, तर त्याला रागावत नसत. हे मला फार मोलाचे वाटले. अमेरिकी बेसबॉलपटू रिकी हेंडरसन यांनी 1982 च्या हंगामात 130 बेस चोरले, म्हणजे फटक्याविना पुढचा बेस गाठला, तेव्हा त्याच हंगामात ते 42 वेळा पकडलेही गेले होते.

एक उणीव मात्र गंभीर आहे. त्याच मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव चालत असल्यामुळे बेस 60 फुटांवरच ठेवलेले होते. बेसबॉलमध्ये हे अंतर 90 फूट, म्हणजे 27.43 मीटर असते. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावकाला बेस सोडता येत नाही, त्यामुळे लीड घेण्याचा (चेंडू टाकला जाण्याआधीच बेसपासून थोडे पुढे सरकून उभे राहण्याचा) प्रश्नच उरत नाही. आखूड अंतरावर साधलेला अंदाज खऱ्या सामन्यात दहा-बारा पावलांनी चुकतो, आणि शिबिरानंतरच्या पहिल्याच सामन्यात आमचा मुलगा अचूक क्षणी निघूनही दुसऱ्या बेसच्या अलीकडेच बाद झाला. पुढच्या तुकडीसाठी चुन्याने पूर्ण 90 फूट आखून द्यावेत, अशी लेखी विनंती मी आयोजकांकडे केली आहे; ते झाले तर दिवाळीच्या सुटीत त्याला पुन्हा पाठवणार आहे.